आक्षीच्या वाळूवरचे छोटे मुसाफिर

अलिबागहून रेवदंड्याच्या रस्त्याला लागलं की खाडीवरचा पूल येतो आणि पूल ओलांडताच आक्षी गाव सुरू होतं. दोन्ही बाजूंना नारळी-पोफळीच्या वाड्या, आत वळणारे अरुंद रस्ते आणि वाड्यांच्या पलीकडे सुरूचं बन. मराठीतल्या सर्वांत जुन्या शिलालेखांपैकी एक या गावचा, त्यामुळे इतिहासाच्या पुस्तकांत आक्षीचं नाव सापडतं. पक्ष्यांची आवड असणाऱ्यांच्या तोंडी मात्र हे नाव वेगळ्या कारणाने असतं. सुरूच्या बनातून बाहेर पडलं की समोर सपाट, घट्ट वाळूची लांबलचक पुळण पसरलेली दिसते. ओहोटीला पाणी दूर जातं, उत्तरेला कुलाब्याचा किल्ला दिसतो, आणि सप्टेंबरपासून मार्च-एप्रिलपर्यंत या ओल्या वाळूवर मुठीत मावतील एवढे पक्षी धावत असतात.

आम्ही पनवेलचे. गेली काही वर्षं हिवाळ्यात एक-दोनदा पेण, वडखळ, पोयनाड करत अलिबाग गाठतो, रात्री तिथे मुक्काम करतो आणि फजरची नमाज झाली की आक्षीकडे निघतो. गाडीत अम्मी, आम्ही दोघं, नववीतली मुलगी आणि पाचवीतला मुलगा. कॅमेरा घरात एकच, तोही दुसऱ्याने वापरून झालेला, आणि त्यावर लांब पल्ल्याची जुनी लेन्स. काढलेले फोटो नातेवाइकांना दाखवले की पहिला प्रश्न ठरलेला असतो, "एवढासा पक्षी, एवढ्या जवळून कसा काय मिळाला? उडून नाही गेला?" या प्रश्नाचं उत्तर एका वाक्यात देता येत नाही. त्यात चांदाची तारीख येते, उन्हाची दिशा येते, आणि त्या पक्ष्याच्या पोटाचा हिशेबही येतो. म्हणून हे सविस्तर लिहीत आहोत.

कोण आहेत हे पाहुणे?

किनाऱ्यावर सगळ्यांत जास्त दिसतो तो चिखल्या. आखूड चोच, गोल डोकं, मोठे काळेभोर डोळे. चार पावलं धावतो, एकदम थांबतो, वाकून काहीतरी टिपतो आणि पुन्हा धावतो. तो डोळ्यांनी शिकार शोधतो, म्हणून त्याला थांबून पाहावं लागतं. आक्षीला दिसणाऱ्या चिखल्यांपैकी पुष्कळसे इंग्रजीत ज्याला लेसर सँड प्लोव्हर म्हणतात त्या जातीचे असतात. ते तिबेटच्या पठारावरून आणि मध्य आशियातल्या उंच प्रदेशांतून, हिमालय ओलांडून येतात.

त्याच्यापेक्षाही लहान असतो तो छोटा टिलवा. याचं वजन साधारण २० ते ३० ग्रॅम, म्हणजे दोन मोठे चमचे साखर. तो थांबत नाही. शिवणयंत्राच्या सुईसारखी त्याची चोच ओल्या वाळूत वर-खाली होत राहते. चोचीच्या टोकाला स्पर्श कळतो, त्यावरून तो वाळूतले बारीक किडे शोधतो. हा टिलवा वीण करतो युरोप आणि सायबेरियाच्या अगदी उत्तरेकडच्या, झाडंही उगवत नाहीत अशा थंड प्रदेशात. तिथून हजारो किलोमीटर उडून तो आपल्या कोकणात हिवाळा काढायला येतो. लाटेच्या पुढे-मागे पळणारे पांढुरके सँडरलिंगही असेच उत्तर ध्रुवाकडचे. तुतारी हा पक्षी एकटादुकटा, खाडीच्या तोंडाशी शेपटी हलवत फिरताना दिसतो.

मुलांना सगळ्यांत आश्चर्य वाटलं ते एका गोष्टीचं. या पक्ष्यांच्या अनेक जातींत मोठे पक्षी परतीच्या प्रवासाला आधी निघतात. त्या वर्षी जन्मलेली पिल्लं मागाहून निघतात, आई-बापाशिवाय, कधीच न पाहिलेल्या वाटेने. मुलाने विचारलं, "मग त्यांना रस्ता कोण दाखवतं?" अम्मी म्हणाल्या, "ज्याने पंख दिले, त्याने वाटही दिली असेल ना!"

चांदाची तारीख आणि भरतीची वेळ

आक्षीला कधीही जाऊन चालत नाही. पूर्ण ओहोटी असेल तर पक्षी दूर पाण्याच्या कडेला विखुरलेले असतात, ठिपक्यांसारखे. भरतीचं पाणी चढू लागलं की ओली वाळू कमी होत जाते आणि पाणीच त्यांना किनाऱ्याकडे आणतं. फोटोसाठी ही वेळ सोन्याची: पाणी चढतं आहे, पक्षी खात आहेत आणि ऊन कोवळं आहे.

हे तिन्ही एकत्र केव्हा येणार, याचा हिशेब आम्हाला किनाऱ्यावरच मिळाला. जाळं नीट करत बसलेल्या एका म्हाताऱ्या कोळीमामांना मुलीने विचारलं, "मामा, आज भरती किती वाजता?" त्यांनी वरही पाहिलं नाही. "आज बारस. बारा पाऊण नऊ. नवाच्या सुमाराला पाणी भरेल."

तिथीला पाऊणने गुणायचं, की भरतीची अंदाजे वेळ मिळते. अष्टमीला आठ पाऊण सहा, म्हणजे भरती सहाच्या सुमारास. पौर्णिमेला आणि अमावास्येला ती दुपारी आणि मध्यरात्री बाराच्या आसपास. अम्मी ऐकत होत्या. त्या म्हणाल्या, "आमच्या मुरूडला अब्बा हेच करायचे, फक्त चांदाच्या तारखेने. आज चांद अकरा. हिशेब तोच." आपला महिना चांद दिसल्यावर सुरू होतो, त्यामुळे आपली तारीख तिथीच्या साधारण एक दिवस मागे असते. तेवढं ध्यानात ठेवलं की भिंतीवरच्या हिजरी कॅलेंडरवरून भरतीचा अंदाज बांधता येतो. कोळीमामा हसले आणि अम्मींना म्हणाले, "चांद एकच ना, बाई. मग हिशेब वेगळा कसा असेल?"

त्या दिवसापासून आमच्या घरात सहल कॅलेंडरवर ठरते. चांद अकरा-बारा किंवा सव्वीस-सत्तावीसच्या सुमारास शनिवार-रविवार आला, की सकाळी नऊ-साडेनऊला भरती असते आणि सूर्य उगवल्यापासून दीड-दोन तास चढतं पाणी मिळतं. अर्थात हा अंदाज आहे. निघण्याआधी भरती-ओहोटीचं छापील वेळापत्रक किंवा मोबाइलवरची वेळ एकदा पाहून घ्यावी, विशेषतः मुलं बरोबर असतील तर.

ऊन पाठीशी

कोकणाचा किनारा पश्चिमेकडे तोंड करून आहे. याचा फोटो काढणाऱ्याला मोठा फायदा होतो. सकाळी आपण समुद्राकडे तोंड करून बसलो की सूर्य आपल्या पाठीमागे, सुरूच्या बनाच्या वर असतो आणि ऊन थेट पक्ष्याच्या अंगावर पडतं. हिवाळ्यात सूर्य आग्नेयेकडून वर येतो, म्हणजे आपल्या डाव्या खांद्यामागून. म्हणून आम्ही थव्याच्या थोडं दक्षिणेला जागा धरतो. खूण सोपी आहे: आपली सावली पक्ष्याच्या दिशेने पडली पाहिजे. ती तशी पडली की पक्ष्याच्या डोळ्यात सूर्याचा एक बारीक ठिपका चमकतो आणि फोटोत तो पक्षी जिवंत वाटतो. तो ठिपका नसेल तर डोळा काळ्या मण्यासारखा दिसतो.

बनाच्या सावलीमुळे आक्षीच्या वाळूवर ऊन थोडं उशिरा पोचतं. तोवर मऊ, सावलीविना उजेड असतो. त्या उजेडात टिलव्याच्या पाठीवरचं एकेक पीस मोजता येतं. ऊन आलं की पाऊण-एक तास सोनेरी रंग टिकतो. नऊनंतर वाळू तापू लागते, तिच्यावरची हवा थरथरते आणि चांगल्या लेन्समधूनही चित्र पुसट येतं. त्या वेळी कॅमेरा पिशवीत ठेवून नाश्त्याचा डबा उघडावा हे उत्तम.

असर ते मगरिबच्या दरम्यान किनाऱ्याचं रूप वेगळं असतं. तेव्हा सूर्य समुद्रावर, म्हणजे समोर असतो. पक्ष्याचे रंग दिसत नाहीत, पण चमकत्या पाण्यावर त्याची काळी आकृती आणि खाली तिचं प्रतिबिंब मिळतं. लाट मागे सरकताना ओल्या वाळूवर पाण्याचा पातळ थर राहतो. तो क्षणभरच आरशासारखा असतो. तेवढ्यात चिखल्या थांबला तर एका फोटोत दोन चिखल्या येतात.

फ्लॅश आम्ही वापरत नाही. उघड्या किनाऱ्यावर त्याची गरज नसते आणि उन्हाने जे दाखवलं ते फ्लॅशच्या पांढऱ्या झोतात सपाट होऊन जातं.

जवळ जाणं म्हणजे आडवं होणं

आता तो नेहमीचा प्रश्न: उडून कसा जात नाही?

उभा माणूस या पक्ष्यांना फार मोठा दिसतो. तो सरळ त्यांच्याकडे चालत आला तर शिकारीच येतो आहे असं त्यांना वाटणारच. म्हणून आम्ही पक्ष्यांकडे जात नाही. थवा कुठे खातो आहे, पाणी कुठवर आलं आहे आणि अर्ध्या तासाने ते कुठे असेल, हे आधी लांबून पाहतो. मग त्या पुढच्या जागेवर जाऊन जुनी ताडपत्री अंथरतो आणि पोटावर आडवं होतो. कोपर वाळूत, लेन्सखाली तांदूळ भरलेली कापडी पिशवी. मग काहीच करायचं नाही.

पहिली दहा-पंधरा मिनिटं पक्षी लांब राहतात. नंतर वाढत्या पाण्याबरोबर ते खात खात आपल्याकडे सरकतात. हालचाल नसेल तर त्यांना आपण ओंडक्यासारखे वाटत असू. एका जानेवारीत टिलव्यांचा एक छोटा थवा आमच्या मुलीपासून चार-पाच मीटरवर खात होता. त्यातला एक तर लेन्सच्या इतका पुढे आला की फोकसच बसेना. ती कॅमेऱ्याला हात न लावता नुसती पाहत राहिली.

आडवं होण्याचा दुसरा फायदा फोटोत दिसतो. उभ्याने काढलेल्या फोटोत पक्ष्याची पाठ आणि आजूबाजूची वाळू येते. त्याच्या डोळ्याच्या उंचीवर आलो की मागची वाळू आणि समुद्र धूसर होऊन एक मऊ रंग उरतो आणि त्यात फक्त पक्षी उठून दिसतो. मात्र इतक्या जवळून लांब लेन्सने काढताना जेमतेम दोन-अडीच सेंटीमीटर जागाच स्पष्ट येते. म्हणून फोकस नेहमी डोळ्यावर. धावणाऱ्या चिखल्यासाठी शटरचा वेग १/१६०० सेकंद किंवा त्याहून जलद ठेवावा. कोरडी, उजळ वाळू कॅमेऱ्याला फसवते आणि पक्षी काळपट येतो, तिथे उजेड थोडा वाढवावा. काळ्या ओल्या वाळूवर पांढऱ्या पोटाचा पक्षी असेल तर थोडा कमी करावा, नाहीतर पोटावरची पिसं नुसती पांढरी होऊन जातात.

कपड्यांविषयी बहिणींसाठी एक गोष्ट. रंग मळखाऊ असला तर बरं, पण पक्षी रंगापेक्षा हालचालीला जास्त बिचकतात. वाऱ्यावर ओढणी किंवा बुरख्याचं टोक फडफडलं की थवा उठतो. ते पिनेने नीट बंद करून, टोक अंगाखाली घेऊन झोपलं की प्रश्न मिटतो. घरी परतल्यावर कॅमेरा आणि लेन्स किंचित ओल्या, मऊ फडक्याने पुसून ठेवावी. खारी हवा आणि वाळू यांच्याइतकं नुकसान दुसरं काही करत नाही.

एक उड्डाण म्हणजे किती घास?

लहान पक्ष्याच्या अंगात फारसा साठा नसतो. दिवसातून ओली वाळू उघडी असते तेवढ्याच तासांत त्याला पोट भरायचं असतं. भरती पूर्ण झाली की खाणं बंद. मग पक्षी कोरड्या वाळूवर एका पायावर, चोच पिसांत खुपसून विसावतात. मार्च-एप्रिलमध्ये तर त्यांना परतीच्या प्रवासासाठी अंगात चरबी साठवायची असते. त्या दिवसांत चिखल्यांच्या छातीवर तांबूस रंग चढतो, डोळ्यांवर काळी पट्टी येते आणि फोटो काढणाऱ्याला मोह होतो. नेमकं तेव्हाच त्यांना सगळ्यांत कमी त्रास द्यायला हवा.

एका रविवारी मुलगा वाळूत काडीने रेघा ओढत बसला होता. थवा उडाला की एक रेघ. तासाभरात नऊ रेघा झाल्या. एकदा कुत्रा धावला, दोनदा चारचाकी पाण्याच्या कडेने गेली, तीन-चार वेळा कोणाची तरी मुलं हात पसरून थव्यात शिरली आणि आई-बाप उडत्या पक्ष्यांचा व्हिडिओ काढत हसत होते. उडणारा थवा सुंदर दिसतो, हे खरंच. पण प्रत्येक रेघेला त्या पक्ष्यांनी खाणं सोडलं, ताकद खर्च केली आणि पुन्हा उतरायला जागा शोधली. मुलगा स्वतःहून त्या मुलांकडे गेला आणि म्हणाला, "तुम्ही इथे बसा ना, ते जवळ येतात." दोन मुलं खरंच बसली. दहा मिनिटांनी एक चिखल्या त्यांच्यासमोरून चालत गेला, तेव्हा त्यांनी श्वाससुद्धा रोखून धरला होता.

आमच्या घरात यावरून एक नियम ठरला आहे. पक्षी खातो आहे तोवर आपलं अंतर ठीक. त्याने खाणं थांबवलं, मान उंच केली, डोकं वर-खाली झटकलं, किंवा पाठ करून चालू लागला, की आपण जास्त जवळ आहोत. तिथेच थांबायचं, पक्षी पुन्हा खायला लागेपर्यंत बोटही हलवायचं नाही. विसावलेल्या थव्याजवळ जायचं नाही. वाळूवर किंवा माळावर टिटवीसारखा पक्षी डोक्यावर ओरडत घिरट्या घालू लागला तर जवळपास अंडी किंवा पिल्लं आहेत असं समजून आल्या वाटेने परतायचं. फोटो चांगला आला की नाही हे ठरवतानाही मुलगी आता हेच पाहते. चोचीत किडा आहे, पक्षी आपल्या कामात आहे, तर तो फोटो ती ठेवते. मान ताठ करून कॅमेऱ्याकडे रोखून पाहणाऱ्या पक्ष्याचा फोटो कितीही स्पष्ट असला तरी ती म्हणते, "अब्बा, हा घाबरलाय."

किहीमचा शेजार

अलिबागच्या उत्तरेला किहीम आहे. आक्षीहून परतताना आम्ही कधी कधी तिथे थांबतो, कारण भारतातल्या पक्षी-अभ्यासाचं एक महत्त्वाचं पान तिथे लिहिलं गेलं. डॉ. सलीम अली (१८९६-१९८७) मुंबईच्या बोहरी कुटुंबात जन्मले, लहानपणीच पोरके झाले आणि मामांकडे वाढले. १९३० साली हातात नोकरी नव्हती, तेव्हा ते किहीमला राहायला आले. तिथे त्यांनी सुगरण पक्ष्यांच्या वसाहतीचं जवळून निरीक्षण केलं. नर अर्धवट घरटं विणतो, मादी ते पाहून पसंत करते, मग नर ते पुरं करून पुढच्या घरट्याला लागतो. ही गोष्ट घाईने पाहणाऱ्याला दिसली नसती. एका जागी बसून, दिवसेंदिवस, पक्ष्यांना त्यांचं काम करू देत पाहिलं म्हणून ती दिसली. मुलांना आम्ही सांगतो, की त्यांच्यासारखी मोठी विद्या आपल्याला येवो न येवो, त्यांच्यासारखं बसणं तर जमेल.

जवळून काढलेल्या फोटोचा आणखी एक उपयोग आहे. ज्या बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीशी सलीम अलींचं नाव जोडलेलं आहे, ती संस्था आणि इतर देशांतले अभ्यासक पक्ष्यांच्या पायात कडी आणि रंगीत पट्ट्या घालतात. पट्टीवर अक्षरं-आकडे असतात. फोटोत ते वाचता आले तर तारीख आणि जागेसह सोसायटीला कळवावं. त्या एका फोटोवरून तो पक्षी कुठून आला आणि कुठे थांबला हे कळू शकतं. आम्हाला असा पक्षी अजून भेटलेला नाही, पण मुलगा प्रत्येक फोटोत आधी पाय पाहतो.

आपल्या वाचकांपैकी कितीतरी जणांचं गाव मुरूड, श्रीवर्धन, हर्णै, दाभोळ, जयगड किंवा रत्नागिरीच्या बाजूला असेल. हे मुसाफिर तिथेही उतरतात, प्रत्येक खाडीच्या तोंडाशी आणि ओल्या वाळूवर. त्यांना पाहायला महागडी लेन्स लागत नाही. साधी दुर्बीण, एक ताडपत्री आणि अर्धा तास सब्र पुरतो. येत्या हिवाळ्यात गावी गेलात तर कॅलेंडरवर चांद पाहा, फजरनंतर मुलांना घेऊन किनाऱ्यावर जा आणि पाणी चढत असताना त्यांना वाळूवर आडवं होऊन गप्प राहायला सांगा. पक्षी किती जवळ येतील ते पक्षीच ठरवतील. ते खात राहिले तर समजा, तुमची मुलं चांगली शेजारी ठरली.